बिनछपराची पंगत

येत्या गुरुवारी आभाराचा दिवस पाळायचा असं पंचांनी ठरवलं, ती बातमी केझाया टर्विलला तिच्या नवऱ्याने आणून दिली. ती तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन पेनहॅलोच्या गोठ्यात, गव्हाणीला पाठ लावून भोपळा चिरत बसली होती. ओबेडने आत येताना टोपी काढली. गोठ्यात शिरतानाही हा माणूस टोपी काढायचा, आणि अलीकडे केझायाला त्याचाही राग येऊ लागला होता.

"गुरुवारी आभार मानायचे ठरलेत," तो म्हणाला. "सगळ्या गावाने मिळून. दोन्ही वेळा प्रवचन, मधे जेवणं."

"कशाचे आभार?"

"आगीतून गाव वाचलं त्याचे."

केझायाने सुरी भोपळ्यात रुतवली आणि तशीच राहू दिली. "आणि घराचं काय ठरलं?"

"कुठलं घर?"

"कुठलं घर! अहो, आपलं घर. ज्यात आपण राहत होतो. ज्याला छप्पर होतं."

"त्याचं बोलणं काही निघालं नाही."

"तुम्ही काढलंत का?"

ओबेडने टोपीची कड बोटांनी चाचपली. "विषय आभाराचा चालला होता गं. मधेच आपलं कसं काढायचं?"

ओबेड पिंपं बांधायचा. ऑल्डरफर्ड गावात सफरचंदाची सायडर असो की खारवलेलं मांस, ते ओबेड टर्विलच्या पिंपातच भरलं जाई. त्याच्या पिंपातून थेंब पाझरत नसे आणि त्याच्या तोंडून शब्द. लग्न झालं तेव्हा केझायाला हा गुण वाटला होता.

आग लागली ती मका खुडायच्या दिवसांत. उन्हाळ्यापासून पाऊस असा नव्हताच, पाचोळा पायाखाली कुरकुरत होता. लोहाराच्या भट्टीतून ठिणगी उडाली आणि पश्चिमेच्या वाऱ्याने ती गल्लीत आणून सोडली. आधी लोहाराची पडवी गेली, मग हॉब्ज भावांची दोन घरं गेली. त्यापुढचं घर टर्विलांचं, त्यापुढचं डीकन पेनहॅलोंचं, आणि त्याला लागून गावाचं प्रार्थनेचं सभाघर. सभाघराच्या माळ्यावर गावाची बंदुकीची दारू ठेवलेली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती पेटली असती तर ऑल्डरफर्ड हे नाव सांगायलाही कुणी उरलं नसतं.

तेव्हा डीकनने आरोळी दिली, "टर्विलचं घर पाडा!"

लांब दांड्यांचे लोखंडी आकडे घेऊन माणसं धावली. केझाया तेव्हा बिछाने आणि पेटी अंगणात ओढत होती. लोण्याची रवी आत राहिली म्हणून ती परत वळली, तर दारात ओबेड उभा, हातात आकडा. "घर माझं आहे," तो म्हणाला, "पहिला आकडा मी घालतो." आणि त्याने घातला. ज्या आढ्याला त्याने स्वतः तासून गुळगुळीत केलं होतं, त्याच आढ्यात. त्या क्षणी तिला त्याचा अभिमानही वाटला होता. आता ते आठवलं की तिचं डोकं फिरायचं.

घर कोसळलं, माणसांनी लाकूडसामान दूर ओढलं, आग मोकळ्या जागेपर्यंत आली, दगडी धुराड्याभोवती चाटून पाहिलं आणि खायला काही मिळेना म्हणून बसली. त्यानंतर, बऱ्याच वेळाने, लोक राखेवर पाणी ओतत असताना, वारा उत्तरेला फिरला.

पण त्या सगळ्या वेळात पाद्री रूक्स बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन सभाघरापुढे प्रार्थना करत होते. आणि गावाला आठवत होतं ते एवढंच, की प्रार्थना झाली आणि वारा फिरला.

पहिले काही दिवस शेजारणींनी कालवण आणून दिलं, डीकनने गोठ्याचा अर्धा भाग दिला. मग हळूहळू टर्विलांच्या पाडलेल्या घराची लाकडं दिसेनाशी झाली. "पडून कुजायचीच ना!" ज्याला त्याला वाटे. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासे चालत चालत दुसऱ्यांच्या अंगणात गेले होते.

ओबेडकडून काही व्हायचं नाही हे दिसल्यावर केझाया त्याच संध्याकाळी स्वतः डीकनकडे गेली. त्यांचं घर मुळी गोठ्याला लागूनच. आत भट्टीसारखी ऊब होती. डीकनची बायको टेम्परन्स चुलीपाशी पीठ मळत होती.

"ये बहिणी, बस," डीकन म्हणाले.

"बसायला नाही आले. घर कधी उभं करायचं ते विचारायला आले."

डीकनने डोळे मिटले. उत्तर द्यायचं नसलं की ते डोळे मिटायचे, आणि समोरच्याला वाटायचं, प्रार्थना चालली आहे. "देवाच्या मनात येईल तेव्हा."

"देवाच्या मनातलं मला नाही कळायचं. तुमच्या मनात काय आहे?"

"आधी मका खुडायचा होता. मग सफरचंदं. आता आभाराचा दिवस. देवाचे आभार मानायच्या आधी आपल्याच छपरासाठी हातोडा उचलायचा, हे शोभतं का?"

"मका खुडायला शोभलं. सायडर गाळायला शोभलं. माझ्या छपरालाच तेवढं शोभत नाही?"

"गोठा उबदार आहे," टेम्परन्स पिठातून हात न काढता म्हणाली. "गाई असतात ना."

"गाईंना घर आहे, ते रोज बघतेच आहे मी. आमची डोर्कस, एवढीशी पोर, रात्रभर खोकते. सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला असतो."

"बहिणी," डीकनने डोळे उघडले, "तुझं घर कोणी नेलं? देवाने दिलं होतं, देवाने नेलं. पवित्र शास्त्रातल्या ईयोबाचं तर सगळंच गेलं होतं."

"ईयोबाच्या घरात शेजाऱ्यांनी आकडा नव्हता घातला. आणि आरोळी देवाची नव्हती, तुमची होती. मी अंगणात होते. मी ऐकली."

"जपून बोल. आम्ही फक्त निमित्त होतो."

"मग बांधायलाही निमित्त व्हा की!"

मग टेम्परन्सने पिठाचा गोळा उलटा आपटला आणि गोड आवाजात म्हणाली, "गुरुवारी तुम्हाला ताट पाठवीन हं. आम्ही मोठा हंस राखून ठेवलाय. डोर्कसला पुडिंगही पाठवीन."

केझाया बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, तिला वाटलं. वाईट माणसाशी कडाकडा भांडता येतं. ही माणसं ताट पाठवत होती. आईजीच्या जिवावर बाईजी उदार म्हणतात, आणि वर बाईजीचेच आभार.

चालून डोकं शांत करावं म्हणून ती गोठ्यात न जाता गल्लीने निघाली, आणि एनॉक स्प्रॅटच्या डुकरांच्या खुराड्यापाशी थबकली. खुराड्याला दार होतं. ओकच्या फळ्यांचं, कडीभोवती हात लागून लागून तुळतुळीत झालेलं. तिचं दार.

एनॉक गावचा सुतार. तो डुकरांना उष्टं घालत होता.

"हे माझं दार आहे," ती म्हणाली.

"होय का? पडलं होतं तिथे. म्हटलं, जळक्यातलं एखादं फळकूट उपयोगी पडेल."

"जळलं नव्हतं. पाडलं होतं."

"तेच ते."

"तेच ते नाही, एनॉक."

"बरं बाई, नाही." त्याने बादली पालथी केली. "आता डुकरांना सवय झालीय गं त्याची. घर बांधशील तेव्हा ने की. मी काय पळून चाललोय?"

गुरुवारी पहाट फुटता फुटता केझायाने ओबेडला हलवलं. "उठा. दार आणायचंय."

"कसलं दार?"

"चला म्हणते ना."

ओबेड उठला. हा त्याचा दुसरा गुण. का म्हणून विचारायचा, पण उत्तर मिळालं नाही तरी यायचा. खुराड्याच्या चामडी बिजागऱ्या तिने सुरीने कापल्या आणि दोघांनी दार उचललं. आतली डुकरं आधी दचकली, मग एक एक करत शांतपणे बाहेर पडली आणि एनॉकच्या सलगमच्या वाफ्यात शिरली. ओबेडने त्यांच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि दाराचं आपलं टोक पुन्हा वर उचललं.

दार तिने ओढ्यावर नेऊन वाळूने घासलं. डुकरांचा वास पुरता गेला नाही. मग दोघांनी ते आपल्या जागेवर आणलं. जागा म्हणजे राखेने काळा पडलेला चौकोन, पायाचे दगड आणि मधोमध ताठ उभं राहिलेलं धुराडं. ओबेडची दोन पिंपं उभी करून त्यावर दार आडवं टाकलं. झालं टेबल. बसायला ओंडके. धुराड्याखालची चूल अजून धड होती. केझायाने त्यात जाळ केला, कडेच्या भट्टीत टर्की भाजायला ठेवली, निखाऱ्यात घेवड्याचा हंडा पुरला, भोपळ्याच्या गोड सारणाची पाई सरकवली आणि भट्टीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं. ओबेड रानातून टर्की मारून घेऊन आला होता तेव्हापासून तिच्या मनात हेच घोळत होतं.

"कोण जेवणार आहे इथे?" ओबेडने शेवटी विचारलं.

"पाद्री. डीकन. ज्यांना आभार मानायचेत ते सगळे."

"केझाया, वर आभाळ आहे."

"तेच तर दाखवायचंय."

सभाघरात त्या दिवशी शेगडी नव्हती, कधीच नसायची. माणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या. केझाया डोर्कसला शालीत गुंडाळून मांडीशी धरून बसली. पाद्री रूक्सनी वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि बोलायला सुरुवात केली. पाद्री तरुण होते, मनाने चांगले होते आणि त्यांना स्वतःचा आवाज आवडायचा. एनॉक स्प्रॅट बऱ्याच उशिरा आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याने केझायाकडे असं पाहिलं की डोर्कसने आईच्या शालीत तोंड लपवलं.

"ज्या घटकेला," पाद्री म्हणत होते, "ज्या घटकेला आपण इथे उभं राहून त्याला हाक मारली, त्याच घटकेला त्याने वाऱ्याची मान धरून त्याला उत्तरेकडे वळवलं! आगीला सांगितलं, इथवरच! आणि आग थांबली, बंधूंनो! कशाने थांबली? माणसाच्या हाताने? नाही! पाण्याने? नाही!"

घराने, केझाया मनात ओरडली. माझ्या घराने! माझं घर तिथे उरलं नव्हतं, त्याने! तिने ओठ दाबले, डोळे गच्च मिटले. नाहीतर खरंच तोंडातून निघालं असतं, आणि सभाघरात बोललेल्या बाईचं काय होतं ते तिला ठाऊक होतं.

नाकाला काहीतरी मऊ लागलं. झोपलेल्यांना उठवायला एक म्हातारा हातात लांब काठी घेऊन फिरायचा. काठीच्या एका टोकाला पुरुषांसाठी लाकडी गोळा, दुसऱ्या टोकाला बायकांसाठी कोल्ह्याची शेपटी. ती शेपटी तो तिच्या तोंडावरून फिरवत होता.

"झोपले नाहीये मी!" ती फिसकारली. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. टेम्परन्स पेनहॅलोने कीव आल्यासारखी मान हलवली.

वाळू संपली, घड्याळ पुन्हा उलटलं, पुन्हा संपली. स्तोत्र झालं. लोक गारठलेले पाय आपटत पायरीवर आले. आता जेवणं, मग पुन्हा प्रवचन. पाद्री डीकनबरोबर निघाले होते, हंस खायला. केझाया त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"पाद्रीसाहेब, आज आमच्या घरी जेवायला चला. डीकन, तुम्ही दोघंही. आभाराचा दिवस आहे, नाही म्हणू नका."

सगळं गाव ऐकत होतं.

"तुमच्या… घरी?" पाद्री म्हणाले.

"हो. वाट तुमच्या पायाखालचीच आहे."

आभाराच्या दिवशी कुणाचं आमंत्रण मोडायचं नसतं. पाद्री आले. डीकन आले, ओठ आवळून. टेम्परन्स आली. मागोमाग निम्मं गावही आलं, घरी ताटं वाट पाहत असताना. काय होतंय ते बघायला.

भट्टी फोडली तसा टर्कीचा वास राखेवर पसरला. केझायाने ताटं मांडली. पाद्री ओंडक्यावर बसले, त्यांच्या समोर डीकन. डीकनच्या ताटाखाली दाराची कडी आली होती, ताट सारखं डुगडुगत होतं. एनॉक कुंपणाशी उभा होता. त्याने दार ओळखलं आणि मान खाली घातली.

आता कळेल, केझायाला वाटलं. आता एक शब्द बोलावा लागणार नाही. डोक्यावर बघा, बाजूला बघा. ह्यांच्या पाठीत वारा शिरला की आपोआप कळेल.

पाद्रींनी डोक्यावर पाहिलं. बाजूला पाहिलं. धुराड्याकडे, काळ्या दगडांकडे, डोर्कसच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. ते उठून उभे राहिले.

"बंधूंनो, भगिनींनो," ते म्हणाले, "मी सकाळी एवढं बोललो, पण खरं प्रवचन इथे आहे! जिचं सर्वस्व गेलं, ती बहीण आज राखेवर जेवण मांडून देवाचे आभार मानते आहे! तिच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द नाही! आपल्यापैकी कुणाच्या अंगी आहे एवढं समाधान?"

"आमेन," लोक म्हणाले. एका म्हातारीने डोळे पुसले.

"मला तिने हेच शिकवलं, की छप्पर नसलं म्हणून काय झालं? कृतज्ञ मनाला आभाळ पुरतं!"

केझायाच्या हातात वाढायचा मोठा डाव होता. तिला वाटलं, हा डाव आता कुणाच्या तरी डोक्यात बसणार, आणि तो पाद्रीच्या बसू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिने तोंड उघडलं. "पाद्रीसाहेब, मी काही आभार…" पण पाद्रींनी भोजनापूर्वीची प्रार्थना सुरू केली होती, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. प्रार्थना लांबत गेली. टर्कीच्या रश्श्यावर चरबीची साय धरली. आणि आभाळातून बारीक बारीक, बर्फही नाही आणि पाऊसही नाही असं काहीतरी पडायला लागलं. ताटात पडलं, टेम्परन्सच्या पांढऱ्या टोपीवर पडलं, पाद्रींच्या कॉलरमध्ये शिरलं. पाद्रींनी प्रार्थना थोडी आवरती घेतली.

जेवायला बसल्यावर डीकनला धीर आला. त्यांनी टर्कीची तंगडी उचलली. "ओबेडचंही कौतुक केलं पाहिजे, पाद्रीसाहेब. त्या दिवशी एका शब्दाने कुरकुरला नाही."

"तोंडात धूर होता," ओबेड म्हणाला.

ओबेड टर्विल चारचौघांत आपण होऊन बोलला, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. टोपी त्याच्या हातातच होती आणि विरळ केसांवर तो ओला भुगा साचत होता.

"धूर पश्चिमेकडून येत होता," तो सावकाश म्हणाला. "आग इथे येऊन विझली तेव्हाही पश्चिमेकडूनच येत होता. मी इथेच होतो. डीकन, तुम्ही तिथे होतात, त्या दगडापाशी. तुमच्या तोंडावर फडकं होतं. वारा नंतर फिरला. तेव्हा आपण राखेवर पाणी घालत होतो."

डीकनच्या हातातली तंगडी तशीच राहिली. "म्हणजे देवाने काही केलं नाही, असं तुझं म्हणणं?"

"देव नव्हता असं मी म्हणत नाही. घर होतं, एवढंच म्हणतोय."

कुंपणाशी कुणीतरी खोकलं.

"आभार कुणाचेही माना," ओबेड म्हणाला. "मला नकोत. मला सोमवारी तुळया उचलायला माणसं हवीत, बर्फ बसायच्या आत. मी एकट्याने पाडू शकलो नाही, तर एकट्याने बांधू कसं?"

एवढं बोलून त्याने टोपी घातली आणि खाली बसून पाई कापायला घेतली.

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या पोटात दुसरंच काहीतरी रटरटत होतं. हेच, अगदी हेच, ती गव्हाणीपाशी, चुलीपाशी, खुराड्यापाशी किती वेळा बोलली होती! तेव्हा ती कुरकुर होती. ह्याने एकदा तोंड उघडलं तर गाव गप्प! आणि हे एवढं बोलायला ह्या माणसाला एवढे दिवस लागावेत? तिने त्याच्या ताटात घेवडा वाढला, गरजेपेक्षा जोरात.

पाद्री रूक्स ताटाकडे बघत होते, आणि एकदा त्यांनी दाराच्या फळीवरून बोट फिरवलं. जेवण लवकर उरकलं. ओल्या कपड्यांनी कोण किती बसणार!

दुपारच्या प्रवचनात वारा आलाच नाही. पाद्री पिकांविषयी बोलले, राज्यातल्या शांततेविषयी बोलले. अगदी शेवटी, कुणाची तरी तांबडी कालवड हरवली आहे, दिसल्यास कळवावं, असं सांगून झाल्यावर त्याच सुरात म्हणाले, "आणि सोमवारी ज्यांना जमेल त्यांनी हत्यारं घेऊन टर्विलांच्या जागेवर यावं. मी येणार आहे." एवढंच. केझाया कान टवकारून बसली होती. घर पाडलं होतं, हे ते आता म्हणतील, मग म्हणतील. ते म्हणाले नाहीत. कालवडीपाठोपाठ घर, आणि मग स्तोत्र.

सोमवारी तिने पुष्कळ माणसांचा स्वयंपाक केला. आली थोडी. लोहार आला, कारण आग त्याच्या भट्टीतून निघाली होती आणि त्याला रात्री झोप लागत नव्हती. हॉब्ज भावांपैकी धाकटा आला. त्याचंच घर जळालेलं, तरी आला. एनॉक आला, डुकरांवरून एक अक्षर न काढता. पाद्री आले आणि त्यांना खिळा ठोकता येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांना फळ्या वाहायला लावलं. डीकनची कंबर धरली होती, पण त्यांनी बैलजोडी पाठवली, शिवाय गडीही. बाकीच्यांची काही ना काही कामं निघाली. पंगत बघायला जे आले होते त्यातले बरेच जण त्या दिवशी गल्लीने गेले, थांबले, "छान चाललंय," म्हणाले आणि पुढे गेले.

"एवढ्यांत दोन खोल्या नाही व्हायच्या," संध्याकाळी एनॉक म्हणाला.

"पूर्वी दोन होत्या," केझाया म्हणाली.

"पूर्वी लाकडं होती."

"ती कुठे गेली ते विचारू का घरोघर जाऊन?"

ओबेडने तिच्या हाताला हात लावला. तिने हात काढून घेतला. मग पुन्हा तिथेच ठेवला.

घर झालं ते धुराड्याच्या एका बाजूला, एका खोलीचं, ठेंगणं. तुळई उचलायला माणूस कमी पडला म्हणून आढं हवं तेवढं उंच गेलंच नाही. ओबेडला आत वाकून वावरावं लागे. बर्फ बसायला लागलं त्या आठवड्यात त्यांनी बिछाने गोठ्यातून हलवले. पहिल्या रात्री डोर्कस खोकली नाही. केझाया मात्र अंधारात छताकडे बघत पडून राहिली. तिला हायसं वाटत होतं आणि तिचा राग जात नव्हता, आणि दोन्हीपैकी एकही दुसऱ्याला जागा देत नव्हतं.

"झोप आता," ओबेड म्हणाला. "मिळालं ना घर."

"अर्धं."

"अर्धं तर अर्धं."

"तुम्ही असंच म्हणता, म्हणून अर्धं मिळतं."

अंधारात तो हसल्यासारखा आवाज आला. "डीकनच्या ताटाखाली कडी तू मुद्दाम आणली होतीस का?"

"हो," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी पाद्रींनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, की त्याने लोकांच्या मनात दया घातली आणि एका कुटुंबाला छप्पर मिळालं. केझायाने या वेळी डोळे उघडे ठेवले, शेपटीवाल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून.

थंडी थोडी सैल होऊन छपरावरचं बर्फ पाझरायला लागलं, तेव्हा एनॉकची बायको मर्सी अंडी घेऊन आली. चुलीपाशी हात शेकत तिने एकवार सगळीकडे पाहिलं आणि समाधानाचा सुस्कारा सोडला. "देवाने पुन्हा घर दिलं हो तुला, केझाया. त्याचे आभार मानावे तेवढे थोडे."

खिडकीच्या कोपऱ्यात टपकन थेंब पडला. केझायाने कोनाड्यातलं लाकडी भांडं काढून त्याखाली ठेवलं.

"मानते तर," ती म्हणाली. "घर देवाने दिलंय. हा कोपरा तेवढा तुझ्या नवऱ्याने दिलाय, मर्सी. त्याला म्हणावं, उद्या शिडी घेऊन ये."